संगणकातील अडगळ आणि ठेव

संगणकाची हार्ड डिस्क नव्वद टक्क्यांहून अधिक भरली, की विंडोज प्रणाली तिच्या नावाखालची निळी पट्टी तांबडी करते. बहुतेकांचे या विषयाकडे लक्ष जाते ते तेव्हाच. मग एखाद्या सुटीच्या दुपारी संगणकाचा मालक साफसफाईला बसतो आणि हाताला लागेल ते पुसू लागतो. जागा कशाने अडली आहे हा एक प्रश्न. घालवले तर पुन्हा मिळणार नाही असे त्यात काय आहे, हा अगदी वेगळा दुसरा प्रश्न. घाईत या दोहोंची गल्लत होते आणि नुकसान होते ते तिथेच.

साठवणुकीची जागा एके काळी फार महाग होती. १९५६ साली आयबीएमने आणलेल्या रॅमॅक यंत्राच्या साठवण विभागात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या. त्या सर्वांवर मिळून मजकूर मावे तो पन्नास लाख अक्षरांचा. आज मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्र तेवढी जागा सहज खाते. टंचाईपायी पुढच्या काळातील आज्ञावलीकारांनी वर्षाचे पहिले दोन आकडे गाळण्याचा पायंडा पाडला आणि त्या काटकसरीचे व्याज जगाला शतकाच्या अखेरीस 'वायटूके'च्या दुरुस्त्यांत फेडावे लागले. परंतु त्या टंचाईचा एक गुण होता. काय ठेवायचे, हे आधी ठरवावे लागे.

जागा स्वस्त झाली आणि हा निर्णय लांबणीवर पडला. फाइल ठेवून देण्याचा खर्च जवळजवळ शून्य; ती ठेवावी की नाही याचा विचार करायला मात्र दोन मिनिटे लागतात. साहजिकच 'असू द्या, कधी तरी लागेल' हा निवाडा दर वेळी जिंकतो. कोळसा अधिक काटकसरीने जाळता येऊ लागला तर त्याचा एकूण खप घटत नाही, उलट वाढतो, असे जेव्हन्सने १८६५ साली दाखवले होते. डिस्कची गोष्ट याहून निराळी नाही. त्यातच अनेक नव्या लॅपटॉपांत मोठ्या हार्ड डिस्कऐवजी वेगवान पण लहान एसएसडी आली आहे. त्यामुळे जुन्या यंत्रात एक टेराबाइटची चैन करणाऱ्याला नव्यात २५६ गीगाबाइटांत संसार मांडावा लागतो.

हा प्रश्न नुसत्या गैरसोयीचा नाही. डिस्कवर मोकळी जागा उरली नाही, की प्रणालीचे अपडेट अडतात, आणि सुरक्षिततेच्या दुरुस्त्या त्यांतूनच येतात. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांना पुढच्या आवृत्तीकडे जायचे, त्यांना आधी जागा करावीच लागते.

मग हात कोठे घालावा? अर्थशास्त्रात वस्तूची किंमत ठरवताना ती पुन्हा मिळवण्यास काय पडेल, हे विचारण्याची एक रीत आहे. येथे तीच लावली पाहिजे. या कसोटीवर पहिला क्रमांक लागतो तो प्रणालीच्या स्वतःच्या उष्टावळीचा. मोठे अपडेट झाल्यावर जुनी विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये पडून राहते. ती कित्येक गीगाबाइट अडवते. साधारण दहा दिवसांनी प्रणाली ती आपण होऊन काढते, पण नवी आवृत्ती ठीक चालत असेल तर तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही. संगणकाला दीर्घ निद्रा देण्यासाठी राखलेली 'हायबरफिल' ही फाइल बहुधा यंत्राच्या रॅमच्या दोन पंचमांश असते, म्हणजे सोळा गीगाबाइट रॅम असेल तर सहांहून अधिक. ही सोय कधीच न वापरणाऱ्याने ती बंद करावी. यंत्र सुरू होण्यास थोडा अधिक वेळ लागेल, एवढेच. तात्पुरत्या फाइली, न वापरलेले खेळ, आज्ञावल्या बसवून झाल्यावर उरलेले त्यांचे संच, हे सारे पुन्हा मिळणारे आहे. रीसायकल बिन रिकामी केल्याशिवाय मात्र तीत टाकलेल्या फाइलींची जागा सुटत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.

यंत्रावर विसंबून राहण्यालाही मर्यादा आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चे एक मोठे अपडेट मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच थांबवावे लागले. कागदपत्रांचा फोल्डर दुसरीकडे हलवला, की मागे त्याच नावाचा रिकामा फोल्डर उरतो, अशी तक्रार होती. तो काढण्याची तजवीज या अपडेटमध्ये केली गेली. काहींच्या जुन्या फोल्डरात मात्र खरी कागदपत्रे शिल्लक होती. सुक्याबरोबर ओलेही जळाले. कंपनीकडे आलेल्या तक्रारींचे प्रमाण दहा हजारांत एक होते, पण त्या एकाला हा हिशेब ऐकवून काय उपयोग! त्याच अपडेटने डिस्क साफ करण्याच्या यादीत 'डाउनलोड्स'चाही समावेश केला होता. आपल्याकडे सातबाऱ्याचा उतारा, विजेचे बिल, मुलांची गुणपत्रिका याच फोल्डरात वर्षानुवर्षे पडून असतात. २०२० साली ते नाव त्या यादीतून काढले गेले.

घरगुती अडगळीचा खरा डोंगर छायाचित्रांचा. मोबाइल भरला की त्यातले सारे संगणकावर ओतले जाते. सहा महिन्यांनी तेच पुन्हा. 'फोटो', 'फोटो नवे', 'फोटो सगळे' अशा तीन फोल्डरांत एकच लग्न तीनदा साठवलेले असते आणि शेजारी सुप्रभाताची शेकडो फुले. प्रती काढून टाकण्यास हरकत कोणतीच नाही. परंतु आकारमानानुसार लावलेल्या यादीत आजोबांच्या पत्राची स्कॅन केलेली प्रत, आजीच्या आवाजाचे दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण तळाशी असते. तेवढे पुसून एक टक्काही जागा सुटत नाही, आणि ते परत आणणारी बाजारपेठ नाही.

जालावरील भाड्याची जागा हा उपाय खरा, पण तोही फुकटाचा राहिलेला नाही. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. अशा सेवांत 'जागा मोकळी करा' आणि 'पुसा' या दोन आज्ञांमधील फरक जाणून घेणे फार आवश्यक आहे. पहिलीने फक्त संगणकावरची प्रत जाते. जोडलेल्या फोल्डरात दुसरी दिली, तर जालावरची प्रतही जाते आणि ती परत घेण्यास मुदत थोडी असते. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर फाइल पुसली तरी प्रत्यक्षात तिची नोंद तेवढी खोडली जाते. मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच असतो, म्हणून चूक लक्षात येताच यंत्र बंद केल्यास जाणकाराला तो बहुधा काढता येतो. एसएसडीत पुसलेली जागा डिस्क स्वतःच पुढच्या लेखनासाठी रिकामी करून ठेवते, पुष्कळदा काही क्षणांतच. तेथे जाणकाराच्याही हाती फारसे काही उरत नाही.