बाहेरून आला, राजा झाला!

एक चौकोनी दगड. चार बाजूंना चार-चार माणसं मांडी घालून बसलेली, टोटल सोळा. होंडुरासमधल्या कोपान या माया शहरातला हा दगड 'ऑल्टर क्यू' म्हणून फेमस आहे. एके काळी अभ्यासकांना वाटायचं, ही खगोलशास्त्रज्ञांची कॉन्फरन्स असावी. (कॉन्फरन्स म्हटली की ग्रुप फोटो आलाच!) माया लिपी उलगडली आणि कळलं, हे तर कोपानचे सोळा राजे! सोळाव्या राजाने, याश पासाहने, इसवी सन 776 मध्ये हा दगड घडवून घेतला. त्यावर पहिला राजा किनिच याश कुक मो त्यालाच राजदंड देतोय. दोघांच्या मध्ये फक्त साडेतीनशे वर्षांचं अंतर!

आता मला सांगा, खुर्ची डळमळीत झाली की मोठा पूर्वज शोधून काढणारे नेते आपण काय कमी पाहिलेत? त्यामुळे हा मूळपुरुष खरंच होता की ब्रँडिंगसाठी रचलेला, हा प्रश्न रास्तच होता.

उत्तर जमिनीखाली होतं. माया लोक जुनं देऊळ पाडून त्याच्यावरच नवं बांधायचे. शेजारच्या कोपान नदीने राजवाड्याची टेकडी कापली, तेव्हा हे थर उघडे पडले. मग पुरातत्त्वज्ञांनी आत बोगदे खणले. 1989 मध्ये रिकार्दो आगुर्सिया यांना 'रोझालिला' हे लाल रंगाचं देऊळ जवळजवळ अख्खं सापडलं. हे मात्र पाडलं नव्हतं, जपून पुरलं होतं. त्याच्याही खाली, सगळ्यात तळाशी, रॉबर्ट शेरर यांच्या टीमला 1990 च्या दशकात एक थडगं मिळालं. आत पन्नाशी ओलांडलेला पुरुष, दातांत जेड बसवलेलं, उजवा हात कधीतरी मोडून वेडावाकडा जुळलेला. आणि ऑल्टर क्यूवर पहिल्या राजाची ढाल कुठल्या हातात आहे? उजव्या! मी हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.

खरी धमाल पुढेच. दगडावर या राजाच्या डोळ्यांभोवती गोल चष्म्यासारखी वलयं आहेत. ही स्टाइल हजारएक किलोमीटरवरच्या मेक्सिकोतल्या टेओटिवाकानची. थडग्यावरची इमारतही त्याच धर्तीची. म्हणजे साहेब तिकडचेच, असं वाटणं साहजिक होतं. पण लहानपणी खाल्ल्या-प्यायल्याची खूण दातांच्या एनॅमलमध्ये कायमची राहते. त्यातल्या स्ट्रॉन्शियमची तपासणी झाली आणि निकाल आला: हा माणूस ना कोपानचा, ना टेओटिवाकानचा. त्याचं बालपण उत्तरेकडच्या माया मुलखात गेलेलं. मग तो चष्मा? माझ्या मते सरळ इम्पोर्टेड रुबाब!

लेखही हेच सांगतो. 426 मध्ये त्याने दुसरीकडे राजचिन्ह घेतलं आणि काही महिन्यांनी, 427 मध्ये, तो कोपानला पोचला. त्याआधीही तिथे वस्ती होतीच.

जवळच एका स्त्रीचं थडगं आहे, जेडने भरलेलं, राजाच्या थडग्यापेक्षाही श्रीमंत. बहुधा ती त्याची राणी. तिचे अवशेष मात्र कोपान परिसराशी जुळतात. परक्या गावात जम बसवायला सासर स्थानिक असलेलं बरं, हे त्यालाही कळलं असणार. तिचं नाव दगडावर नाही. तिथे सोळाच्या सोळा पुरुष.

रोझालिला बघायचं असेल तर बोगद्यात शिरायची गरज नाही. 1996 मध्ये उघडलेल्या कोपानच्या शिल्प संग्रहालयात तिची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी आहे, मूळ भडक रंगांसकट.