जुन्या डेकला नवा कान

नीट निगा राखलेली मोटारगाडी पंधरा-वीस वर्षे सुखाने धावते. तिच्या डॅशबोर्डमधील संगीताचे साधन मात्र त्यापूर्वीच काळाच्या मागे पडते. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली, १९८२ मध्ये सीडी बाजारात आली, त्यानंतर पेनड्राइव्हचे दिवस आले आणि आता सारे संगीत मोबाइल फोनमध्ये सामावले आहे. माध्यमे बदलत गेली, गाडी मात्र तीच राहिली. त्यामुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस किंवा या शतकाच्या पहिल्या दशकात घेतलेल्या अनेक गाड्यांत आज एक विसंगती आढळते. खिशातील फोनमध्ये गाण्यांचा खजिना आहे, डॅशबोर्डमधील डेक ठणठणीत आहे, दारांतील स्पीकरही सुस्थितीत आहेत. परंतु फोनची आणि डेकची एकमेकांशी ओळखच नाही. तारेने जोडावे, तर २०१६ च्या आयफोन ७ पासून अनेक फोनमधून हेडफोनची खाचच नाहीशी झाली आहे.

अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, ‘डेक काढून टाका, नवा बसवा’ आणि दुसरा, ‘गाडीच बदला’. दोन्ही सल्ले काही प्रसंगी योग्य असतात. परंतु बहुतेक वेळा त्यांची गरज नसते. जुन्या डेकमध्ये उणीव असते ती एका दुव्याची. तो दुवा कोणता आणि तो कोठे जोडावा, एवढे समजले की अल्प खर्चात काम भागते.

बिनतारी दुव्याची ओळख

कोणत्याही स्टिरिओचे तीन भाग असतात. कॅसेट, सीडी किंवा रेडिओ यांतून ध्वनिसंदेश मिळवणारा पहिला भाग, तो संदेश बलवान करणारा अँप्लिफायर हा दुसरा आणि त्याचे आवाजात रूपांतर करणारे स्पीकर हा तिसरा. यांपैकी कालबाह्य होतो तो केवळ पहिला. अँप्लिफायर आणि स्पीकर यांना संदेश कोठून आला याच्याशी कर्तव्य नसते.

फोनमधून संदेश आणण्याचे काम ब्लूटूथ करते. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमारास या तंत्राचा पाया घातला गेला आणि १९९८ मध्ये अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन त्यासाठी संघटना स्थापन केली. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याच्या ‘ब्लाटांड’ म्हणजे ‘निळा दात’ या उपनावावरून हे नाव ठेवण्यात आले. हा राजा विखुरलेल्या टोळ्यांना एकत्र आणणारा म्हणून ओळखला जातो. निरनिराळ्या उपकरणांना जोडणाऱ्या तंत्राला त्यामुळे हे नाव शोभून दिसते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात हा संदेश सेकंदाला १,६०० वेळा वाहिनी बदलत प्रवास करतो. त्यामुळे आसपासच्या इतर लहरींचा त्याला फारसा उपद्रव होत नाही. गाडीच्या चार दारांच्या आत तर अंतराचाही प्रश्न नसतो.

ब्लूटूथचा हा संदेश जुन्या डेकला थेट समजत नाही. तो झेलून डेकच्या भाषेत सांगणारा एक छोटा ग्राहक, म्हणजेच रिसीव्हर, मध्ये बसवावा लागतो. हाच त्या डेकचा नवा कान. हा कान कोठे बसवायचा, हे डेकला कोणते दार आहे यावर अवलंबून असते.

पहिले दार : ऑक्सची खाच

डेकच्या दर्शनी भागावर ‘ऑक्स’ असे लिहिलेली साडेतीन मिलिमीटरची गोल खाच असेल, तर आपले काम सर्वांत सोपे आहे. काडेपेटीहून लहान असा ब्लूटूथ रिसीव्हर त्या खाचेत जोडायचा आणि लायटरच्या सॉकेटमधील चार्जरवरून त्याला वीज द्यायची. साधारणतः पाचशे ते दीड हजार रुपयांत हे काम होते आणि जुन्या डेकमधून मिळू शकणारा सर्वांत स्वच्छ आवाज याच मार्गाने मिळतो. फोनचा आवाज बराचसा वर ठेवावा आणि कमी-जास्त करण्याचे काम डेकच्या बटणाकडे सोपवावे. फोनचा आवाज अगदी कमी ठेवून डेकचा वाढवला, तर गाण्याबरोबर खरखरही मोठी होते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. डेकला यूएसबीची खाच असली, म्हणजे तेथे फोन जोडून गाणी वाजतीलच असे नाही. अनेक जुन्या डेकमधील ही खाच केवळ पेनड्राइव्ह वाचते. बाजारात मिळणारे यूएसबी आकाराचे कित्येक ब्लूटूथ रिसीव्हरही त्या खाचेतून फक्त वीज घेतात. आवाज पोहोचवण्यासाठी त्यांना ऑक्सची तार लागतेच. खरेदीपूर्वी ही गोष्ट विचारून घ्यावी.

दुसरे दार : कॅसेटचे तोंड

ऑक्स नाही, पण टेप आहे, अशा डेकसाठी कॅसेटच्याच आकाराचा अडॅप्टर मिळतो. त्याच्या आत फीत नसते. टेपच्या हेडसमोर येईल असे एक छोटे चुंबकीय हेड असते. फोनकडून आलेला संदेश ते बदलत्या चुंबकीय क्षेत्रात रूपांतरित करते आणि समोरून फीतच सरकत आहे अशा समजुतीने डेक ते वाचतो. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने फीत वाचण्यासाठी घडवलेल्या यंत्राची ही गोड फसवणूक आहे.

यासाठी डेकचे हेड स्वच्छ हवे. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ते हलक्या हाताने पुसावे. आवाजातील मंदपणा पुष्कळदा एवढ्यानेच जातो. ऑटो-रिव्हर्स असलेले काही डेक अडॅप्टर आत जाताच बाजू बदलत राहतात किंवा तो बाहेर ढकलतात. म्हणून दुकानात आपल्याच डेकवर लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

या मार्गाचा मोठा गुण असा, की डेकमधील काहीच काढावे लागत नाही. अडॅप्टर बाहेर काढला, की कॅसेट पूर्वीप्रमाणे वाजते. ज्यांच्या घरी नाट्यसंगीताच्या, कीर्तनाच्या किंवा कुटुंबातील वडीलधाऱ्यांच्या आवाजाच्या कॅसेट आहेत, त्यांच्या दृष्टीने गाडीतील चालू टेप हे घरातील शेवटचे कॅसेट-यंत्रही असू शकते. ते भंगारात देण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

तिसरे दार : एरियल

ऑक्स नाही आणि टेपही नाही, केवळ रेडिओ व सीडी आहे, अशा डेकसाठी एफ.एम. ट्रान्समीटर हा उपाय उरतो. लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारे हे उपकरण ब्लूटूथवरून गाणे घेते आणि एक चिमुकले रेडिओ केंद्र बनून गाडीपुरते प्रसारण करते. डेकवर तेवढी एक फ्रिक्वेन्सी लावायची. खर्च कमी, बसवणे सोपे आणि कोणत्याही गाडीत चालणारे असे हे साधन आहे.

त्याची मर्यादाही याच गुणात दडलेली आहे. मुंबई, दिल्ली, बेंगळुरू यांसारख्या महानगरांत एफ.एम.चा पट्टा गजबजलेला असतो. पुण्यात मोकळी मिळालेली जागा द्रुतगती मार्गाने मुंबईत पोहोचेपर्यंत मोकळी राहीलच असे नाही. मग भावगीताच्या मध्येच जाहिरात ऐकू येते. शिवाय एफ.एम. प्रसारणात सुमारे १५ किलोहर्ट्झपर्यंतचेच स्वर वाहून नेले जातात. बातम्या, व्याख्याने आणि जुनी गाणी यांना ते पुरेसे आहे. सतारीच्या तारेचा झणत्कार ऐकू इच्छिणाऱ्या रसिकास ते अपुरे वाटेल. जपानहून आलेले जुने डेक ज्यांच्या गाडीत आहेत, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जपानचा एफ.एम. पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि त्या काळातील पुष्कळ डेक ९० मेगाहर्ट्झपलीकडे जातच नाहीत. अशा वेळी ट्रान्समीटर ८८ ते ९० च्या दरम्यानच लावावा लागतो.

काही सीडी डेकच्या पाठीमागे सीडी चेंजरसाठी ठेवलेली जोडणी असते. पायोनियर, सोनी आदी कंपन्यांच्या अशा जोडणीतून ऑक्सची सोय करून देणारे अडॅप्टर निघाले होते. जाणकार कारागीर भेटल्यास ट्रान्समीटरपूर्वी त्याची चौकशी करणे हिताचे ठरते.

शिट्टीचे रहस्य

रिसीव्हर जोडल्यावर स्पीकरमधून बारीक शिट्टी येऊ लागते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताच ती चढते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. येथे दोष ना फोनचा असतो ना गाण्याचा. रिसीव्हर आणि डेक एकाच बॅटरीवर चालतात. त्यांच्या अर्थिंगचे मार्ग निरनिराळे असल्यास अल्टरनेटरची गुणगुण त्या फेऱ्यातून आवाजात शिरते. परीक्षा सोपी आहे. रिसीव्हरमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असेल, तर चार्जरची तार काढून पाहावी. शिट्टी थांबली, तर निदान निश्चित झाले. ऑक्सच्या तारेत ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची छोटी डबी बसवली, की ती नाहीशी होते. चार्जर निकृष्ट असल्यास तो बदलणेही तितकेच आवश्यक असते.

नवा डेक केव्हा?

जुना डेकच नादुरुस्त असेल किंवा त्याला कोणतेच दार नसेल, तर ब्लूटूथ असलेला नवा डेक घेणे रास्त आहे. बहुतेक जुन्या गाड्यांतील खाच १८० बाय ५० मिलिमीटर या प्रमाणित मापाची असते. त्यामुळे साधा नवा डेक तेथे सहज बसतो आणि दोन-पाच हजार रुपयांत काम होते. दिल्लीतील करोल बाग, बेंगळुरूचा जे. सी. रोड, मुंबईतील सी. एस. टी. रोड अशा बाजारांत हे काम तासाभरात करून मिळते.

हा एक तास मात्र डोळ्यांत तेल घालून उभे राहावे. डेकच्या तारांत सर्वसाधारणपणे पिवळी तार बॅटरीची, लाल तार चावीची आणि काळी तार अर्थिंगची असते. पिवळी व लाल यांची अदलाबदल झाली, तर डेक प्रत्येक वेळी आपली स्मृती विसरतो. दोन्ही तारा बॅटरीला जोडल्या, तर काही डेक रात्रभर वीज खातात आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. कंपनीची मूळ वायर कापू देऊ नये. तिच्याशी जुळणारा कनेक्टर विकत मिळतो. पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेले सांधे डॅशबोर्डच्या मागे सैल होतात आणि तेथूनच शॉर्टसर्किटचा धोका उद्भवतो. फ्यूज उडू लागल्यास मोठ्या क्षमतेचा फ्यूज बसवणे हा उपाय नव्हे. फार जुन्या गाड्यांत स्पीकरची एक तार थेट बॉडीला जोडलेली आढळते. नव्या डेकला ही रचना चालत नाही. प्रत्येक स्पीकरपर्यंत दोन स्वतंत्र तारा न्याव्या लागतात. काही डेक बॅटरी काढल्यावर सांकेतिक क्रमांक विचारतात. आपल्या कार्डाच्या पिनप्रमाणे तो आधीच शोधून ठेवावा.

हिशेबाची बाजू

एका शाखेत एक निवृत्त शिक्षक वाहनकर्जाची चौकशी करण्यास आले होते. गाडी बारा वर्षांची, इंजिन उत्तम, धावणे महिन्याला जेमतेम तीनशे किलोमीटर. नवी गाडी कशासाठी, या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते, ‘मुलगी परगावी असते. प्रवासात तिचा फोन आला, तर गाडी चालवताना घेता येत नाही.’ त्यांच्यासमोर कागदावर आकडे मांडण्यात आले. उदाहरणार्थ, ४ लाख रुपयांचे कर्ज ९ टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ८,३०३ रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे ९८,२०० रुपये होते. त्यांची गरज मायक्रोफोन असलेला रिसीव्हर भागवू शकत होता. त्यांनी तो घेतला आणि कर्जाचा अर्ज कोराच परत केला. खरी गरज असेल तेव्हा कर्ज घेणे जसे शहाणपणाचे, तसेच ती नसताना न घेणेही. बँकेलाही समाधानी ग्राहक हवा असतो, ओझ्याखाली वाकलेला नव्हे.

फोनवरील संभाषणासाठी रिसीव्हर निवडताना मायक्रोफोन चालकाच्या तोंडाजवळ राहील असे पाहावे. कॅसेट अडॅप्टरचा मायक्रोफोन डेकच्या पोटात दडतो. त्यामुळे आपला आवाज पलीकडे अस्पष्ट पोहोचतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेनुसार वाहन चालवताना हातात फोन धरणे हे धोकादायक वाहनचालन ठरते आणि पहिल्या गुन्ह्यास एक ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. कारावासही होऊ शकतो. हात मोकळे राहिले, म्हणून मन मोकळे राहते असे नाही. लांबलचक बोलणे असेल, तर गाडी बाजूला थांबवणेच श्रेयस्कर.

आणखी दोन सूचना. किमती डेक बसवल्यास विमा कंपनीस कळवून पॉलिसीत त्याची नोंद करून घ्यावी आणि पावती जपून ठेवावी. नोंद नसलेल्या वस्तूची भरपाई मिळणे अवघड असते. तसेच नवे डेक फोनमधील नावे व क्रमांक स्वतःकडे उतरवून घेतात. गाडी विकताना कागदपत्रांबरोबर ही नोंदही पुसून टाकावी, अन्यथा आपल्या आप्तेष्टांचे क्रमांक परक्या हाती जातील.

थोडक्यात, प्रथम डेककडे नीट पाहावे. ऑक्स असेल तर रिसीव्हर, टेप असेल तर कॅसेट अडॅप्टर, दोन्ही नसतील तर ट्रान्समीटर आणि यांपैकी काहीच मनासारखे जमत नसेल तर नवा डेक, असा हा क्रम आहे. पहिल्या तीन मार्गांत जुने काहीच गमवावे लागत नाही आणि न आवडल्यास मागेही येता येते. चालू स्थितीतील वस्तूला अल्प खर्चात नवे आयुष्य देणे, ही काटकसर आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गाडीचा डेकही त्याला अपवाद नसावा.