चव कोणी पाहायची?

शिजलेला शालेय पोषण आहार मुलांच्या ताटात पडण्याआधी मोठ्यांनी चाखायचा आणि त्यात किमान एक शिक्षक असायचा, असा नियम आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातल्या शाळाही त्याला अपवाद नाहीत. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात विषारी जेवणाने २३ मुले दगावली, हे आठवले की या नियमाचे मोल पटते. पण मोठ्यांच्या घासाने फक्त अन्न निर्धोक आहे की नाही, एवढेच कळते. मुले ते खातील का, हा प्रश्न वेगळा आणि तो मुलांनाच विचारायला हवा. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. ताटात उरलेली उसळ मात्र कागदावरच पोषण करते.

मुलांना चवीतले काय कळते, असे म्हटले जाते. खरी अडचण मुलांच्या जिभेची नसून आपल्या मोजपट्टीची आहे. खाद्यपदार्थांच्या चाचणीत सर्वत्र वापरली जाणारी नऊ गुणांची श्रेणी १९५० च्या सुमारास अमेरिकी सैनिकांच्या जेवणासाठी तयार झाली. ‘फार आवडले’ आणि ‘बरेच आवडले’ यांतला फरक दुसरीतल्या मुलाने कसा सांगावा? म्हणून मुलांपुढे हसरे-रडके चेहरे ठेवतात, किंवा पदार्थ आवडीच्या क्रमाने लावायला सांगतात. मुलांच्या खाण्याच्या आवडीनिवडींच्या संशोधक लीन बर्च यांनी १९७९ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांकडून सँडविचचे प्रकार असे क्रमाने लावून घेतले. मुलांनी पुढे प्रत्यक्ष किती खाल्ले, याचा अंदाज त्या क्रमावरून चांगला बांधता आला.

मुलांचे ऐकले तर ती रोज गोडच मागतील, हा आक्षेप निराधार नाही; गोडाची ओढ लहानपणी मोठ्यांपेक्षा जास्त असते. म्हणून खीर हवी की उसळ, असे विचारूच नये. उसळ ठरलेली; ती मटकीची की मुगाची, तिखट किती, पातळ की घट्ट, एवढेच विचारावे. नवे काही दिसले की मुले नाक मुरडतात, हेही खरे. पण बर्च यांच्याच १९८२ च्या अभ्यासात, पुन्हा पुन्हा चाखल्यावर दोन वर्षांच्या मुलांनाही अनोळखी पदार्थ आवडू लागले. तेव्हा पहिल्या दिवसाचा कौल अखेरचा मानू नये. गुरुजींसमोर मूल ‘छान’च म्हणणार, हा आक्षेप सर्वांत वजनदार. त्यावर उपाय दोन: चेहऱ्याची चिठ्ठी डब्यात टाकू द्यावी आणि उरलेले अन्न तोलावे. भीड जिभेला पडते, तराजूला पडत नाही.

२०२४ मध्ये राज्याने पोषण आहारासाठी १५ पाककृती दिल्या. पण कोकणातल्या आणि सोयाबीन-तूर-हळदीच्या सेनगावातल्या मुलांची जीभ एकाच यादीने ओळखता येणार नाही. शेजारच्या परभणीत कृषी विद्यापीठाचे अन्नतंत्र महाविद्यालय आहे. चव मोजण्याचे शास्त्र तिथे शिकवले जाते. ते शास्त्र शाळेच्या ओसरीपर्यंत आणायला मोठा खर्च लागत नाही. मोठे चाखून सही करतात त्या चव नोंदवहीत सहीशेजारी आणखी दोन रकाने आखले तरी पुरे: किती चेहरे हसरे, आणि किती किलो उरले.