अणूच्या पोटात – लेखांक ७ : प्रोटॉन आतून कसा मोजतात?

मागच्या लेखांकात आपण रदरफोर्डच्या सोन्याच्या पत्र्यापाशी थांबलो होतो. आता केंद्रकातल्या एका प्रोटॉनच्या आत शिरायचं आहे, आणि त्यासाठी इलेक्ट्रॉनइतकं भरवशाचं हत्यार नाही. आजवरच्या मोजमापांत तो बिंदूसारखाच दिसला आहे आणि त्याचं वागणं आपल्याला नेमकं ठाऊक आहे. त्यामुळे टकरीत काही वेगळं दिसलं, तर ते प्रोटॉनचंच.

अडचण आहे तरंगलांबीची. पैठणला नाथसागरावर वारा सुटला की लाटा पाण्यात रोवलेल्या बांबूला वळसा घालून तशाच पुढे जातात. धरणाच्या भिंतीवर मात्र आपटून मागे फिरतात. लाटेपेक्षा फार लहान वस्तू लाटेला जाणवतच नाही. इलेक्ट्रॉनही लाटेसारखा वागतो आणि ऊर्जा वाढवली की त्याची तरंगलांबी आखूड होते. पुणे विद्यापीठातल्या मायक्रोट्रॉन या त्वरकातल्या ६ एमईव्ही (६० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे १९० फर्मी भरते. एक फर्मी म्हणजे मिलिमीटरचा लाख कोटीवा भाग. प्रोटॉनची त्रिज्या जेमतेम ०.८४ फर्मी! एवढ्या लांब लाटेला तो निव्वळ ठिपका.

स्टॅनफर्डमध्ये रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९५०च्या दशकात १८८ एमईव्हीचे इलेक्ट्रॉन हायड्रोजनवर सोडले. मोठ्या कोनात उडालेले इलेक्ट्रॉन बिंदूच्या हिशेबापेक्षा कमी भरले. म्हणजे प्रोटॉनचा विद्युतभार पसरलेला आहे, त्याला आकारमान आहे. १९६१चं नोबेल त्यांना मिळालं.

खरा धक्का पुढेच होता. स्टॅनफर्डलाच सुमारे ३ किलोमीटर लांबीचा सरळ त्वरक उभा राहिला. द्रवरूप हायड्रोजनवर २० जीईव्हीपर्यंतचे (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) इलेक्ट्रॉन आदळायचे. पलीकडे रुळांवर फिरणारा अजस्र वर्णपटमापी. त्यातले चुंबक विखुरलेल्या इलेक्ट्रॉनला वाकवत. तो किती वाकला यावरून त्याची उरलेली ऊर्जा कळे. कोन आणि गमावलेली ऊर्जा, एवढ्या दोन आकड्यांवर सगळी भिस्त. प्रोटॉन मऊ ढगासारखा असता, तर जोराचा धक्का खाल्लेले इलेक्ट्रॉन झपाट्याने कमी व्हायला हवे होते. ते झाले नाहीत. आत काहीतरी टणक, बिंदूवत होतं. हेच पुढे क्वार्क म्हणून ओळखले गेले. फ्रीडमन, केंडॉल आणि टेलर यांना १९९०चं नोबेल मिळालं ते याचसाठी. केवळ मोजणीतून एवढं मोठं सत्य हाती यावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

तरी कोडं सुटलेलं नाही. प्रोटॉनच्या फिरकीत, म्हणजे स्पिनमध्ये, क्वार्कच्या स्वतःच्या फिरकीचा वाटा जेमतेम एक तृतीयांश निघाला. बाकीची येते कुठून? मुंबईत शिकलेले आणि आता अमेरिकेत स्टोनी ब्रुक विद्यापीठात प्राध्यापक असलेले अभय देशपांडे अनेक वर्षं याच प्रश्नामागे आहेत. न्यूयॉर्कजवळ ब्रुकहेवन इथे होणाऱ्या इलेक्ट्रॉन-आयन कोलायडरच्या वैज्ञानिक बाजूचं नेतृत्व त्यांनी केलं आहे. ३.८ किलोमीटर परिघाच्या वर्तुळात १८ जीईव्हीपर्यंतचे इलेक्ट्रॉन आणि २७५ जीईव्हीपर्यंतचे प्रोटॉन समोरासमोर येतील, तेही दोघांची फिरकी ठरवलेल्या दिशेला वळवून. दिशा उलटवली की टकरींची संख्या किती बदलते, यावरून क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनचा वाटा काढता येईल. या ग्लुऑनबद्दल पुढच्या आठवड्यात.