घोट्याच्या पुढे, बोटांच्या मागे

मानवी पावलात २६ हाडे असतात आणि चालताना शरीराचा भार टाचेकडून बोटांकडे नेण्याचे काम त्यांतील मधल्या हाडांना करावे लागते. घोट्याच्या पुढे पाच लहान हाडे एकमेकांत घट्ट बसलेली असतात. त्यांच्यापुढे पाच लांब हाडे, म्हणजे प्रपदास्थी, बोटांपर्यंत जातात. ही दोन दळे जिथे भेटतात त्या सांध्यांच्या ओळीला लिसफ्रँक सांधा म्हणतात. झाक लिसफ्रँक या फ्रेंच शल्यविशारदाने १८१५ मध्ये याच ओळीतून पाऊल कापण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन केले, म्हणून त्याचे नाव या सांध्याला मिळाले. घोडेस्वार खाली पडताना त्याचे पाऊल रिकिबीत अडकून पिळवटले की नेमका हा भाग मोडतो, ही गोष्ट नेपोलियनकालीन युद्धांच्या संदर्भात सांगितली जाते. सारंगखेड्याच्या घोडेबाजारामुळे खान्देशाला रिकीब अनोळखी नाही. मात्र खान्देशातल्याच जामनेर परिसरात आज ही दुखापत घडवणारे प्रसंग वेगळे आहेत.

या सांध्याची रचना समजल्याशिवाय त्याची दुखापत समजत नाही. पावलाची आडवी कमान जुन्या वाड्याच्या दगडी कमानीप्रमाणे माथ्यावरच्या पाचरीने तोललेली असते आणि ती पाचर म्हणजे दुसऱ्या प्रपदास्थीचे मूळ. ते शेजारच्या हाडांपेक्षा थोडे मागे, खाचेत रुतलेले असते. पहिल्या आणि दुसऱ्या प्रपदास्थींच्या मुळांना आपसांत बांधणारा अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारी चिवट पट्टी, तिथे नसतो. त्याऐवजी आतल्या बाजूच्या लहान हाडापासून दुसऱ्या प्रपदास्थीकडे तिरका जाणारा एक मजबूत बंध सारा ताण सोसतो. तो तुटला की एकही हाड मोडलेले नसताना कमानीचा आधार सुटतो आणि याच कारणाने ही दुखापत साध्या मुरगळण्यासारखी भासते.

टाच वर उचललेली आहे, बोटे जमिनीवर टेकलेली आहेत आणि अशा वेळी वरून भार येऊन पाऊल पिळले गेले, तर हा बंध ताणला जातो किंवा तुटतो. केळीचा घड खांद्यावर घेऊन ओल्या बांधावरून उतरताना किंवा काळ्या जमिनीच्या भेगेत पुढचे पाऊल अडकून तोल जाताना हेच घडू शकते; मोटारसायकल धडकताना पाऊल ब्रेकवर दाबलेले असले, तरी परिणाम तोच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे चाक किंवा बैलाचा खूर पावलावर पडला तर मात्र हाडे थेट चिरडली जातात. अशा चिरडलेल्या पावलात सूज झपाट्याने वाढून आतले रक्ताभिसरण कोंडू शकते. वेदना कशानेच आवरत नाहीत, बोटे नुसती हलवली तरी कळ येते, बधिरपणा येतो. ही काही तासांत शस्त्रक्रिया मागणारी आणीबाणी आहे.

वैद्यकीय ग्रंथांत या दुखापतीचे प्रमाण वर्षाला सुमारे ५५ हजार लोकांमागे एक असे दिले जाते, आणि त्याच ग्रंथांत असेही नमूद असते की पहिल्या तपासणीत सुमारे २० टक्के दुखापती निसटतात. खेड्यात त्या निसटण्याची वाट बहुधा ठरलेली असते: आंबेहळदीचा लेप, तेल लावून चोळणे, हाडवैद्याकडून पाय ओढून घेणे आणि तीन-चार दिवसांनी लंगडत पुन्हा कापूस वेचणीला जाणे. लेपाने फारसे बिघडत नाही. चोळण्याने आणि ओढण्याने मात्र सैल झालेली हाडे आणखी सरकू शकतात, म्हणून ते कटाक्षाने टाळायला हवे.

ओळखीची सर्वांत बोलकी खूण तळव्यावर असते. मार लागल्यावर एक-दोन दिवसांत तळव्याच्या मधोमध रक्त साकळून निळसर-काळा डाग उमटला, पावलाच्या वरच्या भागावर, घोट्याच्या पुढे, दाबल्यावर दुखले आणि चवड्यावर उभे राहता येईना, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. हा एक्स-रे उभ्याने, दोन्ही पावलांवर भार देऊन काढला जावा, हा आग्रह रुग्णाच्या नातेवाइकांनीही धरायला हरकत नाही. झोपून काढलेल्या चित्रात सुटलेली हाडे पुन्हा जागेवर आल्यासारखी दिसतात. भार पडला की दुसऱ्या प्रपदास्थीची आतली कड मधल्या लहान हाडाच्या कडेशी जुळते की नाही, हे उघड होते. निकोप पावलाच्या तुलनेत दोन मिलिमीटरहून जास्त फट असणे धोक्याचे मानले जाते. वेदनेमुळे उभे राहता आले नाही, तर दहा-पंधरा दिवसांनी तो एक्स-रे पुन्हा काढावा. त्यात खर्च जवळपास वाढत नाही, यंत्रही तेच लागते, आणि म्हणूनच ही पायरी गाळली जाणे फार खटकते. शंका उरली तर सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात; तालुक्याला सोय नसल्यास जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याच्या रुग्णालयाला लोक अजूनही सिव्हिलच म्हणतात, जवळ पडते.

मधुमेही माणसाच्या बाबतीत हे सारे उलटे होते. संवेदना गेलेल्या पावलात मार लागल्याचे आठवतही नाही, दुखतही नाही, पण पाऊल लाल, गरम आणि सुजलेले दिसते; जंतुसंसर्ग समजून केवळ प्रतिजैविके दिली जातात आणि आतली कमान ढासळत राहते. शार्को या फ्रेंच वैद्याच्या नावाने ओळखला जाणारा हा विकार बहुतेक वेळा याच मधल्या सांध्यांत होतो आणि त्यात पायावरचा भार तातडीने काढून प्लास्टर घालणे हाच मुख्य उपाय असतो.

बंध केवळ ताणलेला असेल आणि उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडे जागेवर असतील, तर प्लास्टर घालून सहा ते आठ आठवडे त्या पायावर भार न देणे पुरते. हाडे सरकली असतील तर सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत, म्हणजे बहुधा एक-दोन आठवडे, थांबून शस्त्रक्रिया करतात. आतल्या तीन सांध्यांना फारशी हालचाल लागत नाही, त्यामुळे ते स्क्रू किंवा पट्टीने बसवतात किंवा कायमचे जोडून टाकतात; बाहेरच्या दोन सांध्यांची लवचिकता उंचसखल जमिनीवर चालताना लागते, म्हणून तिथे तारा तात्पुरत्या घालून सुमारे सहा आठवड्यांनी काढतात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राकडे आधीच विचारणा करावी.

पूर्ववत शेतकाम सुरू व्हायला चार ते सहा महिने किंवा त्याहून अधिक लागतात, आणि एवढा खरीप हातचा जाणे हातावर पोट असलेल्या घराला परवडत नाही, हे डॉक्टरांनीही जाणून बोलले पाहिजे. दुखापत उशिरा उघड झाली तरी सर्व संपत नाही: सपाट पडलेली कमान आणि झिजलेले सांधे शस्त्रक्रियेने जोडता येतात, वेदना बरीच उतरते. कडक तळाचा बूट आणि कमानीला आधार देणारी गादी मात्र त्यानंतरही बराच काळ वापरावी लागते.