फेस का उतू जातो?

डाळ शिजायला लावताना आपण तेलाचे दोन थेंब टाकतो, फेस उतू जाऊ नये म्हणून. शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातही ही अडचण येते. फक्त तिथले भांडे हजारो घनमीटरचे असते!

सांडपाण्यातून निघालेला गाळ हवाबंद टाकीत सुमारे ३५ अंश सेल्सिअसला दोन-तीन आठवडे ठेवतात. जीवाणू तो पचवतात आणि वायू निघतो. त्यात साधारण ६० ते ६५ टक्के मिथेन असतो. वायू आला की बुडबुडे आलेच. मग फेस रोजच का चढत नाही?

वर्गात एक प्रयोग करू. दोन ग्लासांत लिंबू पिळलेले पाणी घेऊ. एकात शाम्पूचा थेंब घालू आणि मग दोन्हींत चिमूटभर खाण्याचा सोडा. वायू दोन्हींत सारखाच, पण फेस एकातच साचतो. बुडबुड्याचा पापुद्रा टिकायला पृष्ठताण कमी करणारा पदार्थ लागतो. टाकीत एकदम भरपूर गाळ ढकलला, की आम्ल बनवणारे जीवाणू भराभर काम उरकतात, मिथेन बनवणारे मागे पडतात. मग अर्धवट पचलेली आम्ले, प्रथिने, मेद साठतात. हाच टाकीतला शाम्पू.

तरी शाम्पूचा फेस थोड्या वेळाने बसतो. टाकीतला मात्र दिवसेंदिवस हटत नाही, कारण तिथे तिसरा भिडू असतो: 'गॉर्डोनिया अमारी'सारखे तंतुमय जीवाणू. (१९७४ मध्ये याचे वर्णन झाले तेव्हा नाव होते 'नोकार्डिया अमारी'.) त्यांची पेशीभित्तिका मेणचट असते. पाणी टाळून ते बुडबुड्यांना चिकटतात आणि पापुद्र्यांना आधार देतात. ते वाढतात आधीच्या, हवा खेळवलेल्या टाकीत. पाचक टाकीत मेले तरी मेणचट भित्तिका लवकर नष्ट होत नाही.

फेस वायूच्या नळीत शिरला तर ती तुंबते, आत दाब वाढतो, छतालाही धोका पोचतो. अशा वेळी पाण्याचे फवारे किंवा फेसनाशक मारतात. आमच्या मते ही तापावरची गोळी झाली. गाळ थोडाथोडा, सारख्या प्रमाणात सोडणे आणि हवेच्या टाकीवरची साय काढून ती परत आत न जाऊ देणे, हे खरे उपाय.

आणि तेल? वरून टाकलेला थेंब फेस मोडतो खरा, पण मोरीतून वाहून गेलेले तेल-तूप हेच या मेणचट जीवाणूंचे आवडते खाद्य. म्हणून खानावळींच्या मोरीखाली तेल अडवणारी कुंडी हवी, आणि ती वेळच्या वेळी उपसायलाही हवी.