गाठ तीच, ओळख नवी : मेंदू व मज्जारज्जूची अर्बुदे

"डोक्यात गाठ आहे" असे डॉक्टरांनी सांगितले की घरातील मंडळी पहिला प्रश्न विचारतात, "साधी की कॅन्सरची?" आमच्या सभासद बंधू-भगिनींकडूनही आम्ही हाच प्रश्न ऐकत आलो आहोत. याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. मेंदू व मज्जारज्जूतील अर्बुदांचे शंभराहून अधिक प्रकार जागतिक आरोग्य संघटनेने नोंदविलेले आहेत.

प्रकार ओळखण्याची जुनी रीत पेशीच्या रूपावर आधारलेली होती. १९२६ साली अमेरिकेतील पर्सिव्हल बेली व हार्वे कुशिंग यांनी ती घालून दिली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तारकेसारखी दिसली तर अॅस्ट्रोसायटोमा, तळलेल्या अंड्यासारखी दिसली तर ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा. १९७९ साली निघालेले जागतिक आरोग्य संघटनेचे पहिले वर्गीकरणही याच पायावर उभे होते. पण रूप फसवे असते. एकच काच दोन अनुभवी तज्ज्ञांनी पाहिली तर कधी दोन नावे निघत. दोघेही प्रामाणिक; उपचार मात्र नावावर ठरायचे! मग 'मिश्र' असे मधले नाव देऊन वेळ मारून नेली जाई.

२००८ साली संशोधकांना काही ग्लायोमांत आयडीएच१ या जनुकात बिघाड आढळला. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाच्या साखळीत १३२ व्या जागी आर्जिनिन हे अमायनो आम्ल असते. तेथे बहुधा हिस्टिडीन येऊन बसते. साखळीतील एक मणी बदलला, एवढेच. पण त्यामुळे पेशीत एक नको असलेले रसायन साठते आणि पेशीची नीट वाढ होऊन परिपक्व होण्याची वाट अडते. विद्यार्थी मित्रांनी येथे एक गंमत लक्षात घ्यावी : हा बिघाड असलेल्या रुग्णाचे आयुर्मान तो नसलेल्या रुग्णापेक्षा सामान्यतः अधिक असते.

२०१६ साली जनुकीय खुणांना वर्गीकरणात प्रथमच अधिकृत स्थान मिळाले आणि २०२१ च्या पाचव्या आवृत्तीत त्यांचे वजन आणखी वाढले. आता ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा म्हणावयाचे तर आयडीएचचा बिघाड हवाच, शिवाय पहिल्या गुणसूत्राची आखूड भुजा व एकोणिसाव्याची लांब भुजा दोन्ही गळालेल्या हव्यात. हा काथ्याकूट कशासाठी? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, या दोन भुजा गळालेल्या रुग्णांना किरणोपचारासोबत औषधेही दिली तेव्हा मध्यम आयुर्मान १४.७ वर्षे भरले. केवळ किरणोपचारावर ते ७.३ वर्षे होते. उलट ग्लायोब्लास्टोमात, २००५ च्या प्रसिद्ध चाचणीत टेमोझोलोमाइड देऊनही ते १४.६ महिनेच होते. म्हणजे नाव चुकले की वर्षांचा हिशेब चुकला.

लहान मुलांच्या बाबतीत तर रूपावर विसंबणे अधिकच धोक्याचे. मेडुलोब्लास्टोमाचे चार जनुकीय गट आहेत. त्यांतील 'विंट' गटाची मुले उपचारांनी बहुतेक बरी होतात. मेंदूच्या मध्यरेषेवर किंवा मज्जारज्जूत हिस्टोन एच३ मधील २७ व्या जागेचा बिघाड सापडला, तर पेशी कितीही सौम्य दिसोत, ते अर्बुद चौथ्या श्रेणीचे धरतात. मज्जारज्जूच्या एपेन्डिमोमात एमवायसीएन जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतील तर रोग आक्रमक निघतो.

सर्वच तपासण्या महागड्या यंत्रावर होतात असे नाही. आयडीएच१ चा नेहमीचा बिघाड खास रंजकाने रंगविलेल्या काचेवर दिसतो. गुणसूत्रांच्या भुजा पाहावयास मात्र मोठी प्रयोगशाळा लागते.

आमची एक कळकळीची सूचना आहे. लोक एमआरआयच्या फिल्म वर्षानुवर्षे जपून ठेवतात, पण शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्याचा मेणातील ठोकळा, ज्याला प्रयोगशाळेत 'ब्लॉक' म्हणतात, तो कोणी मागत नाही. नव्या तपासण्या पुष्कळदा याच ठोकळ्यातून करता येतात, काही वर्षांनंतरसुद्धा. तेव्हा दुसऱ्या रुग्णालयात जाताना अहवालासोबत काचा व ब्लॉक रीतसर अर्ज करून मागून घ्यावेत, पोच द्यावी, आणि ब्लॉक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये, मेण वितळते.